परीक्षक बासिलचं अभिनंदन

मस्कतमधल्या आमच्या मराठी मंडळाची मुलांच्या गाण्याची स्पर्धा म्हणजे दरवर्षीचं गृहयुद्ध. परीक्षक पुण्याचा असला की मुंबईकर रुसत, मुंबईचा असला की पुणेकर निषेधाचं पत्र आधीच लिहून आणत. एकदा दापोलीच्या नूरुद्दीनभाईंना बसवलं, तर दोन्ही पक्ष एकत्र येऊन रुसले. शेवटी ज्याला मराठीचा गंध नाही असाच परीक्षक नेमायचा ठराव झाला आणि आम्हाला बासिल सापडला.

बासिल पॅलेस्टिनी. आजोबा तेल अवीवला लागून असलेल्या याफाचे, जन्म अम्मानचा, नोकरी मस्कतजवळच्या सीबमधल्या एका शाळेत संगीतशिक्षकाची. डोळे मिटून ऐकायचा. कोणतं बाळ कोणाचं हे ठाऊक नसल्यामुळे निकाल न कचरता द्यायचा. अध्यक्ष जयप्रकाश यांच्या कन्येला त्याने दरवर्षी शेवटून दुसरी ठरवलं, आणि त्यावर सगळ्या मंडळाचं प्रथमच एकमत झालं. पुरणपोळी मात्र तो हुमुसात, म्हणजे त्यांच्या काबुली चण्याच्या चटणीत, बुडवून खायचा. तेही आम्ही सहन केलं.

२०१९ साली युरोपातली देशोदेशींची गाण्याची स्पर्धा तेल अवीवला होती. तिच्या निमित्ताने कोणा आयोजकांनी एक मैफल काढली. तिथे त्यांना एक समलिंगी पॅलेस्टिनी गायक हवा होता. असा एक नग मंचावर उभा केला की आपलं मन किती मोठं ते जगाला दिसतं. बासिलने अम्मानमध्ये, तरुणपणी, एका मुलावरच्या प्रेमाची गाणी रचून गायली होती. ती यांनी हुडकून काढली. विमान, हॉटेल, व्हिसा, सगळं देऊ केलं. ज्या याफात त्याच्या घरच्यांना पाऊल ठेवता येत नव्हतं, ते तिथून हाकेच्या अंतरावर. बासिलने एका ओळीत नकार कळवला. तरी त्यांनी त्याचा फोटो, नाव आणि 'समलिंगी' हा शब्द जाहिरातीत छापलाच. हा माणूस ओमानमध्ये राहतो आणि तो शब्द इथे त्याची भाकरी हिरावून घेईल, हा विचार त्या उदार मनांना शिवला नाही.

आता आमच्या मंडळाची एक रीत आहे. ओळखीच्या कोणाचं नाव कुठेही छापून आलं, की मजकूर न वाचता अभिनंदन करायचं. एकाची कार उलटल्याच्या बातमीखालीसुद्धा आम्ही पुष्पगुच्छ टाकले आहेत. आमच्या चिटणीस उत्तराताईंना ती जाहिरात दिसली. त्यांनी फोटो पाहिला, 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द पाहिला, आणि 'आपल्या बासिलसरांची गगनभरारी' म्हणून ती मंडळाच्या ग्रुपवर टाकली; बासिलही त्या ग्रुपवर होता. दुपारभर पुष्पगुच्छांचा पाऊस पडला. संध्याकाळी कोणीतरी खालचं इंग्रजी वाचलं आणि एकेक पुष्पगुच्छ पुसला जाऊ लागला. जाहिरात मात्र पालकांकडून शाळेत पोचली होती.

मग दोन तऱ्हा ऐकल्या. वर्षानुवर्षं पॅलेस्टाइनसाठी हळहळणारे निरोप पुढे पाठवणाऱ्यांना हा एक पॅलेस्टिनी नकोसा झाला. दुसरे म्हणाले, बघा, तो देश केवढा पुढारलेला, तिथे अशांना मान आहे. आणि त्याच दमात आपल्या मुलांची बासिलकडची गाण्याची शिकवणी बंद करून आले. त्याने तिकडे नकार दिला होता, हे मी दोघांनाही सांगितलं. कोणाला ते ऐकायचंच नव्हतं.

जयप्रकाश वाईट माणूस नाहीत, फक्त अध्यक्ष आहेत. ते मला घेऊन बासिलच्या घरी गेले. शाळा प्रकरण मिटवायला तयार होती. तो गायक मी नव्हे, नामसाधर्म्य आहे, एवढं त्याने म्हणायचं होतं. मंडळ त्याला दुजोरा देणार होतं.

"बासिलभाई, एक वाक्य बोला आणि खलास," जयप्रकाश म्हणाले.

"त्यांना मी नाही म्हटलं," बासिल शांतपणे म्हणाला. "माझ्या गाण्यांना नाही म्हणणार नाही."

आठवडाभरात शाळेने त्याचा व्हिसा रद्द केला. ज्याला त्याला शाल-श्रीफळ देणाऱ्या आमच्या मंडळाला त्या दिवशी बाजारात नारळ मिळाला नाही.

निरोपाला उत्तराताई तेवढ्या गेल्या, चिवड्याचा डबा घेऊन. मी गाडी चालवत होतो. विमानतळावर त्या रडून रडून माफी मागत होत्या. बासिलने डबा पिशवीत नीट बसवला.

"मॅडम, ती जाहिरात खूप जणांनी फिरवली," तो म्हणाला. "अभिनंदन मात्र तुम्ही पुसलं नाहीत."

उत्तराताईंनी डोळे पुसले आणि, खोटं कशाला बोला म्हणून, सांगून टाकलं, "मला पुसता येत नाही हो."

बासिल इतका मोठ्याने हसला की रांगेतली माणसं वळून पाहू लागली. मग तो आत गेला.