पाणी स्थिर होईपर्यंत

माझा मामा एका नामांकित तंत्रविद्यापीठात नोकरीला होता. हे सांगताना आमची आई मान ताठ करायची, पण तो तिथं नेमकं काय करतो असं कुणी विचारलं की विषय बदलायची. कारण मामाचं काम होतं वाट बघणं. थट्टा नाही करत. त्याला पगार मिळायचा तो खरोखरच वाट बघण्याचा.

त्या विद्यापीठात एक भलंमोठं दालन होतं आणि त्यात लांबच लांब टाकी. टाकीच्या एका टोकाला लोखंडी फळी होती, ती पुढंमागं हलली की पाण्यात लाटा उठायच्या. बंदराचे बांध, पुलांचे खांब, समुद्रात उभ्या करायच्या पवनचक्क्या, या सगळ्यांच्या छोट्या प्रतिकृती त्या लाटांत उभ्या करून काय टिकतं आणि काय कोसळतं ते बघायचे. पण एका चाचणीचं पाणी शांत झाल्याशिवाय दुसरी सुरू करता येत नाही. जुन्या लाटा नव्या लाटांत मिसळल्या की सगळं गणित चुकतं. म्हणून पाण्याकडं लक्ष ठेवायला मामा. खिडक्या बंद, पंखे बंद, दालनात कुणी चालायचंसुद्धा नाही. टाकीवरच्या लोखंडी पुलावर स्टूल टाकून तो पाण्यातलं ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघत बसायचा. ते पट्टीसारखं सरळ झालं की म्हणायचा, "हं, चालू करा." दिवसभरात तो बोलायचा ते एवढंच.

विद्यापीठाच्या संशोधनाचा दरवर्षी जाडजूड अहवाल निघायचा, उशाला घेता येईल एवढा. मी एकदा तिथल्या ग्रंथालयात जाऊन मामाच्या विभागाचे शोधनिबंध चाळले. समीकरणं डोक्यावरून गेली, पण एक वाक्य जवळजवळ प्रत्येक निबंधात सापडलं: 'प्रत्येक चाचणी पाणी पूर्ण स्थिर झाल्यावर सुरू करण्यात आली.' कुठं बंदर, कुठं पूल, वाक्य मात्र तेच. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. संध्याकाळीच त्याला गाठून सांगितलं, "मामा, ते वाक्य म्हणजे तू."

"माझं नाव नाही ना त्यात?"

"नाही."

"मग बरं," म्हणाला, आणि खूश झाला.

आता मामीचं सांगते. मामी बोलकी, भांडखोर आणि मायाळू, तिन्ही एकदम. या मुखदुर्बळ माणसाशी तिनं कसा संसार केला ते तिचं तिलाच माहीत. तिचे वडील अत्यवस्थ झाले तेव्हा तिनं दालनात फोन केला. पाणी शांत होत असताना मला हाक मारायची नाही, असं मामानंच पहारेकऱ्याला बजावून ठेवलं होतं. पहारेकरी इमानी निघाला. त्यानं निरोप दिला तेव्हा मामी एकटीच माहेरी निघून गेली होती. मामा दुसऱ्या दिवशी पोचला, तोवर सगळं आटोपलं होतं. मामी त्याला साऱ्या नातेवाइकांसमोर वाट्टेल ते बोलली आणि म्हणाली, मी परत येणार नाही.

दुसरा कुणी असता तर तिथंच पाय धरले असते, नाहीतर आवाज चढवला असता. मामा मुकाट परत आला. आईला म्हणाला, "ती आत्ता रागात आहे. राग शांत होऊ दे, मग आणायला जातो."

आणि तो थांबला. टाकीपाशी थांबायचा तसाच, तेवढ्याच सचोटीनं. आई अधूनमधून मामीकडं जाऊन यायची. ती आली रे आली की मामा दारात हजर.

"कशी आहे?"

"तुझं नाव काढलं की भांडी आपटते."

"मग थांबू अजून."

"अरे, आपटते म्हणूनच जा! तू येतोस का ते सारखं दाराकडं बघत असते."

पण पालथ्या घड्यावर पाणी. आता गेलो तर पुन्हा सगळं ढवळून निघेल, असं तो म्हणायचा. दोन खोल्यांच्या घरात एकटाच राहायचा. मामीचा टॉवेल त्यानं दांडीवरून काढला नव्हता, धुऊन पुन्हा तिथंच टाकायचा. मला त्याचा संताप यायचा आणि रडूही यायचं. पुढं पुढं आई परत येऊन सांगायला लागली, "हल्ली काही बोलत नाही ती. तुझं नाव काढलं तरी शिवत बसते." हे ऐकून मामाचा चेहरा उजळायचा. म्हणायचा, "बघ, होतंय शांत."

अशी नऊ वर्षं गेली.

मग त्याच्या विभागात एक नव्या संशोधक बाई आल्या. त्यांनी टाकीत नाजूक तारांची मापनयंत्रं बसवली. दोन चाचण्यांच्या मध्ये नेमकं किती थांबावं, हाच त्यांच्या निबंधाचा विषय. यंत्रांनी दाखवलं की कामापुरतं पाणी मामा सांगायच्या कितीतरी आधी शांत झालेलं असतं. बाई भल्या होत्या. त्यांनी त्याला शेजारी बसवून आलेख समजावून दिला. म्हणाल्या, "काका, तुमची एकही चाचणी बिघडलेली नाही. फक्त एवढं थांबायची गरज नव्हती." निबंधाच्या शेवटी त्यांनी मामाचं नाव घालून आभार मानले होते. छापील संशोधनात त्याचं नाव आलं ते तेवढंच.

त्या संध्याकाळी तो आमच्याकडं आला, तो बूट न काढताच आत. घामानं भिजला होता. "उद्या तिला आणायला जायचं," मला म्हणाला. "तू चल बरोबर. मला बोलता येणार नाही."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "बैल गेला अन् झोपा केला." पण त्याचा शर्ट तिनंच इस्त्री केला.

मामी भावाच्या घरामागच्या खोलीत राहत होती. शिलाई मशीनवर कुणाचे तरी पडदे होते. दार उघडून ती म्हणाली, "या ना, बसा." खुर्चीवरचं कापड तिनं उचललं. प्रवास कसा झाला, रक्तदाबाची गोळी चालू आहे का, सगळं विचारलं. मामा ताकाला जाऊन भांडं लपवत होता. पडद्यांचं कापड छान आहे म्हणाला, खिडकी मोठी आहे म्हणाला. शेवटी मीच त्याला कोपरानं ढोसलं.

"मी तुला न्यायला आलोय," तो म्हणाला. "चुकलं माझं. फार थांबलो."

मामीनं दोरा दातानं तोडला. "अहो, आता कशाला? माझं इथं बरं चाललंय."

"अजून रागावली आहेस?"

"छे हो. राग कसला?" ती हसली, आणि ते हसणं खोटं नव्हतं, हेच वाईट होतं. "पहिली चार-पाच वर्षं होता. तुम्ही आलात की काय काय सुनवायचं ते रोज मनात घोकायची. मग एकदा ताप आला, आठवडाभर पडून होते. उठले तर काही आठवेनाच. वाईट वाटून घेऊ नका."

तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं आणि विचारलं, "जेवून जाणार का तुम्ही?"

आम्ही जेवलो नाही. मामी फाटकापर्यंत आली, पायरी सैल आहे, जपून उतरा म्हणाली, आणि आम्ही वळायच्या आत फाटक लावून घेतलं.

बसथांब्यावर मामा बाकावर बसला. मी पाण्याची बाटली दिली, ती त्यानं नुसतीच हातात धरली.

"मला वाटलं होतं, निदान ओरडेल," तो म्हणाला, आणि भर दुपारी, चार लोकांदेखत, रडायला लागला.