निळ्याचा जांभळा झाला

माझ्या मुलाची, पौलसची मुलगी प्रिस्किला नवापूरला छपाईच्या दुकानात कामाला आहे. लग्नाची कार्डं, बॅनर, मोबाइलवर फिरणारी आमंत्रणं, सगळं कॉम्प्युटरवर तीच मांडते. मालक भरत मशीन चालवतो आणि चहा मागवतो. लहानपणी ही पोरगी कोळशाने भिंतीवर कोंबड्या काढायची, तेव्हा "चित्रं काढून काय खाणार गं?" असं मीच म्हटलं होतं. आता माझ्या गोळ्या तीच आणते, म्हणून तो विषय मी काढत नाही.

आमच्या ख्रिस्ती मंडळीत दरवर्षी नऊ गावांच्या बायकांचा मेळावा होतो. सगळ्यांनी एकाच रंगाची साडी नेसायची, अशी रीत. कार्डावर त्या रंगाची पट्टी छापतात. बायका ते कार्ड दुकानात साडीवर ठेवून रंग जुळवतात. मोबाइलवाल्या मोबाइल ठेवतात.

यंदा निळा ठरला. प्रिस्किलाने डोळे दिपतील असा निळा केला आणि मोबाइलवर पाठवला. तेच चित्र घाईत छापायला दिलं. डोंगरातल्या गावांचे गठ्ठे दुकानातूनच परस्पर गेले, तिने एकही उघडून पाहिला नाही.

पंधरा दिवसांनी प्रार्थना आटोपल्यावर डोंगरातली गंगीबाई नवी साडी दाखवायला आमच्याकडे आली. पिशवीतून निघाली जांभळी.

"अगं, निळी ठरली होती ना?"

तिने कार्ड पुढे केलं. पट्टी जांभळीच होती. "मामी, आमच्या अठरा जणींनी हीच घेतली. फॉल लावून धुतलीसुद्धा." मग आमची तोंडं बघून हळूच म्हणाली, "असू द्या. आम्ही मागे बसू."

प्रिस्किलाने भरतला फोन लावला. तो आधी उसळला, "मन्ही मशीन बरोबर शे, ताई!"

"मशीन बरोबरच आहे, भाऊ. चूक माझी आहे," ती म्हणाली. आवाज जराही हलला नाही.

मला तिने समजावलं. मोबाइलची काच लाल, हिरव्या, निळ्या उजेडातून रंग करते. कागदाला मात्र चार शाया: आकाशी, गुलाबी, पिवळी, काळी. उजेडातला तो भडक निळा त्या शायांच्या आवाक्यातच नाही, म्हणून कागदावर तो जांभळ्याकडे झुकला. या दोन तऱ्हांना आरजीबी आणि सीएमवायके म्हणतात म्हणे. नावं माझ्या जिभेला जड आहेत, पण गोष्ट कळली. सारवलेली भिंत ओली असताना एक दिसते, वाळली की दुसरी. वाळलेलीच खरी धरायची.

संध्याकाळी बायकांच्या मंडळाच्या अध्यक्ष भिकुबाई आल्या, निळी साडी काखोटीला मारून. "डोंगरातल्या बायकांना सांग, बदलून आणा!"

"त्यांच्या साड्या धुतल्यात, मावशी. दुकानदार घेईल का? आणि चूक माझी असताना दंड त्यांना का?"

"मग मी काय करू?"

"तुमच्या साडीला फॉल लागलाय?"

भिकुबाईंनी घडी चाचपली. "नाही."

"मग तुमची बदलून मिळेल. मोबाइलवाल्या शेवटच्या आठवड्यातच बाजारात जातात, त्यांना आजच कळवते. यंदाचा रंग कार्डावरचा."

"आणि तू परत मोबाइलवर भलताच रंग पाठवलास तर?"

"या खेपेला उलट्या बाजूने, कागदापासून सुरुवात करते. कागदावरचा हा रंग मोबाइलवर आणता येतो. मोबाइलवरचा प्रत्येक रंग कागदावर येत नाही."

उद्यापर्यंत थांबायला प्रिस्किला तयार नव्हती. दिवेलागणीच्या आत कार्ड दारातल्या उजेडात धरून तिने मोबाइलवरचा रंग उतरवत उतरवत जुळवला. मी म्हटलं, "अजून जरा लाल." ती म्हणाली, "आजी, तू दुकानात ये कामाला." चित्राखाली तिने सरळ लिहिलं, 'आधीचा रंग माझ्याकडून चुकला. साडी या रंगाची घ्यावी. प्रिस्किला.' लपवाछपवी नाही. दुसऱ्या दिवशी भरतने दुकानात नवा नियम केला: छापायच्या कामाला सुरुवातच चार शायांच्या रंगांत करायची आणि पहिलं कार्ड हातात घेऊन पाहिल्याशिवाय गठ्ठा बांधायचा नाही. नियम प्रिस्किलाचा, पण सांगताना तो स्वतःचाच म्हणून सांगतो.

मेळाव्याला मांडव भरला. भिकुबाई जांभळ्यात, तोंड जरा फुगलेलं, पण साडी त्यांना शोभत होती. गंगीबाईला हाक मारायला मी उठले, तर तीनशे जांभळ्या पदरांत ती कुठे बसली आहे तेच कळेना.