सहासष्ट किलो आणि काळजाचे ठोके

संकर्षण मास्तरांनी वजनकाटा मोडला तो निव्वळ संशयापोटी.

म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यातल्या गरडीत, म्हणजे आपल्या भाषेत तालमीत, दसऱ्याच्या कुस्त्यांच्या जोड्या लावायचा दिवस होता. मल्लांची वजनं मानाजीरावांनी करायची आणि मास्तरांनी तटस्थ साक्षीदार म्हणून शेजारी बसायचं, एवढंच ठरलं होतं. पण अडतीस वर्षं फिजिक्स शिकवलेला माणूस नुसता बसेल कसा? जुन्या काट्यात काही गोम नाही ना, हे पाहायला मास्तर त्यावर चढले आणि पक्की खात्री व्हावी म्हणून त्यांनी एक छोटीशी उडी मारली. आतून कटदिशी आवाज आला. काटा बसला तो बसलाच.

"मेष्ट्रे," मानाजीराव मास्तरांना शांतपणे म्हणाले, "साठ वर्षं पैलवान चढले ह्याच्यावर. उडी तुमीच मारली."

मानाजीरावांचे पूर्वज जुन्या म्हैसूरच्या फौजेत घोडेस्वार होते. घोडे कधीच गेले, मिशा तेवढ्या घराण्यात राहिल्या. बसडेपोत इंजिनं दुरुस्त करून ते निवृत्त झाले, आणि गेली एकतीस वर्षं दसऱ्याची वजनं त्यांच्याच हातची. त्या कामात त्यांचा कुणावर म्हणून विश्वास नसे. मल्ल चढण्याआधी ते त्याचा लंगोट चाचपत, मूठ उघडायला लावत, गाल फुगलेला दिसला तर "आ कर" म्हणत. आणि वजन एकदाच. दुसऱ्यांदा चढायचं नाही, हा नियमही त्यांचाच.

यंदा मात्र संशयाचं तोंड त्यांच्याकडेच वळलं होतं. त्यांच्या बहिणीचा नातू भुवन सहासष्ट किलोच्या गटात उतरणार होता. आकडा जरा वर गेला की बाहेर, कारण वरच्या गटातल्या जोड्या आधीच लागल्या होत्या. येलवालच्या प्रतिस्पर्धी तालमीचे वस्ताद नरसिंगराव, हे हळूच अंगठा लावून काटा उचलून धरतील या शंकेनं, सकाळपासून मानाजीरावांच्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर नजर ठेवून होते. खरं सांगायचं तर मास्तरही तेच करत होते.

मास्तरांनी शरमेनं रिक्षा केली आणि ओळखीच्या प्रयोगशाळेतून आकडे दाखवणारा नवा काटा आणला. दहा ग्रॅमचा फरक दाखवणारा, फार चपळ. भुवन त्यावर चढला. हात मागे, श्वास रोखलेला, पुतळ्यासारखा.

६५.९७. ६६.०८. ६५.९५. ६६.०६.

"अय्यो! नाचतोय बघा!" नरसिंगराव उठलेच. "अंगठा, अंगठा! मी म्हटलं नव्हतं?"

"कुठला अंगठा?"

"तुमचा, रावसाहेब. तुमी उंबऱ्यापलीकडं जा बघू."

मानाजीराव उंबऱ्यापलीकडे जाऊन उभे राहिले. आकडा नाचतच राहिला. आता नरसिंगरावांचा संशय मास्तरांवर आला. काटा यांनीच आणला, आधीचा यांनीच मोडला! भुवनला उतरवून त्यांनी तांबड्या मातीचं पोतं काट्यावर टाकलं. आकडा ढिम्म. मग ते स्वतः चढले. आकडा पुन्हा नाचू लागला. नरसिंगराव बराच वेळ स्वतःच्याच अंगठ्यांकडे अविश्वासानं पाहत राहिले.

"पोतं थांबतं, माणूस थांबत नाही," मास्तर पुटपुटले. पहिलं वजन अजून ठरलंच नव्हतं, म्हणून त्यांनी भुवनला परत चढवलं, त्याची नाडी धरली आणि आकड्याकडे पाहत "हं... हं... हं..." म्हणू लागले. प्रत्येक हुंकाराला आकडा उडी घेत होता. मास्तरांचा चेहरा उजळला.

"अहो, हे त्याचं काळीज! ठोका पडला की रक्त जोरानं वर जातं, त्याच्या धक्क्यानं अंग खाली दाबलं जातं, आकडा वाढतो. मग तेच रक्त वळून खाली निघतं, अंग वर रेटलं जातं, आकडा उतरतो. वजन तेवढंच राहतं, फक्त काटा हलतो."

"मेष्ट्रे, मग खरं वजन कुठलं?" मानाजीरावांनी उंबऱ्यातूनच विचारलं.

"मधलं. सरासरी."

"काढा."

मास्तरांनी मिनिटभर मोबाईलवर आकडे टिपले आणि पाठीमागे वाकलेल्या नरसिंगरावांचा श्वास मानेवर घेत कागदावर सरासरी काढली. मग ती पुन्हा काढली. तिसऱ्यांदा काढली तेव्हा नरसिंगराव म्हणाले, "काय लपवताय?"

"सहासष्ट किलो वीस ग्रॅम."

भुवननं रोखलेला श्वास सोडला. गेले चार महिने पोरानं पहाटे उठून चामुंडीच्या टेकडीच्या पायऱ्या चढल्या होत्या, भात सोडला होता. मानाजीरावांनी आत येऊन वही ओढली, पेनाचं टोपण काढलं आणि भुवनच्या नावापाशी आले.

मास्तरांना राहवेना. जुना काटा शाबूत असता तर त्याला हे वीस ग्रॅम दिसलेही नसते. "मानाजीराव, वीस ग्रॅम म्हणजे काय हो! निम्म्या वेळा तो सहासष्टच्या आतच होता की. काळीज उडतं त्याला पोरानं काय करावं? तेवढं सोडून द्या."

मानाजीरावांनी नावावर सरळ रेघ ओढली आणि मान वर न करता विचारलं, "काळीज घरी ठेवून कुस्ती धरणार होता काय तो?"