मुंजाला वाहिलेला मध

मुंजाजी मेंढ्या राखायचा, पण जीव त्याचा मधमाश्यांत. डोंगरकड्याच्या वरच्या माळावर त्याचं घर. घराच्या मातीच्या भिंतीत त्याने सात घागरी आडव्या बसवल्या होत्या, तोंडं बाहेर काढून. त्यांत सातेरी जातीच्या मधमाश्या राहायच्या. त्याची बायको चंद्रभागाबाई म्हणायची, "सवत एक असती तं भांडले असते. ह्या हजार हायत, कोनाकोनासंगं भांडू?" माझं शेत त्याच्या घराखालीच. मी सोनाजी, तिखट जिभेचा माणूस, गावात माझं कुणाशी पटलं नाही. मुंजाजीशी मात्र कधी वाजलं नाही, कारण वाजावं असं तो काही बोलायचाच नाही.

त्याचा एकच नेम होता. मध काढला की पोळ्याचा पहिला तुकडा पिंपळाखालच्या मुंजाच्या दगडावर ठेवायचा. त्याआधी घरात कुणी बोट चाटायचं नाही. रानातल्या माश्या, काळे भुंगे, मुंग्या येऊन तो तुकडा संपवायच्या. "माश्या रानाच्या, मग रानाचा हिस्सा नको व्हय?" असं त्याचं म्हणणं.

अडतीस साली हिंगोलीच्या पुनमचंद शेठने हौसेखातर बाहेरगावाहून माश्यांची लाकडी पेटी आणवली. चार महिन्यांत हौस फिटली आणि पेटी मुंजाजीकडे आली. पेटीतल्या माश्या आधीच मरगळलेल्या होत्या. तो लेकराचं आजारपण काढावं तसा त्यांच्यापाशी बसून राहिला. त्या मेल्याच, आणि मागोमाग घागरींतल्याही उडेनाशा झाल्या. पोटं फुगलेली, अंगणात सरपटायच्या, घागरींच्या तोंडाशी पिवळट डाग. दीड महिन्यात सातही घागरी रिकाम्या झाल्या. मध तेवढा मागे राहिला.

मुंजाजी माझ्या बांधावर येऊन बसला. "माझं काय चुकलं असंल रे?"

मी निंदणीत होतो, वैतागलेलो होतो. म्हणालो, "मुंजाचा हिस्सा कमी पडला आसंल. हाय तेवढा मध वाहून टाक आन् मोकळा हो."

त्याने ते मनावर घेतलं. सातही घागरींतली पोळी काढून दगडावर कुस्करली. वास माझ्या शेतापर्यंत आला. वडावरच्या आग्यामोहोळाच्या माश्या उतरल्या, माझ्या गुरांच्या कोठ्याच्या वाशांत भोकं पाडून राहणारे भुंगेही गेले. चार दिवस पिंपळाखाली नुसता घुमारा. मुंजाजीचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला. "घेतलं बघ देवानं," तो म्हणाला.

महिना उलटला नाही तोच वडाखाली माश्यांचा खच पडला. जिवंत होत्या त्या सरपटत होत्या. मग माझ्या कोठ्यात पाच भुंगे सापडले, उताणे, पाय हलवत. मुंजाजीने एक तळहातावर घेऊन फुंकर घातली. तो उडाला नाही.

मेलेले भुंगे धोतराच्या सोग्यात बांधून तो हिंगोलीला जनावरांच्या डॉक्टरकडे गेला. सोबत मी होतो. त्याने विचारलं, "साहेब, मधमाशीचा रोग भुंग्याला लागतो का?"

डॉक्टर हसला नाही. बराच वेळ भुंगे बघून म्हणाला, "मालूम नहीं, बाबा. भेड़ की बीमारी बकरी को लगती है. इनका किसने देखा है?"

परतीच्या वाटेवर मुंजाजी एवढंच बोलला, "मेंढीचा बकरीला लागतो म्हन्ला."

दुसऱ्या दिवशी त्याने पाणी उकळलं आणि राख लावून मुंजाचा दगड तीनदा धुतला. देवाच्या अंगावर उकळतं पाणी! गाव खवळलं. चंद्रभागाबाईला कुणी चुलीला विस्तव देईना. मी तेव्हा बोलायला हवं होतं. एरवी सुरीसारखी जीभ चालवणारा मी खाली मान घालून शेतात राबत राहिलो.

पुढच्या पावसाळ्यात माझ्या भोपळ्याचे वेल फुलांनी पिवळे झाले. फुलं सकाळी उघडायची, दुपारी मिटायची आणि गळायची. मुंजाजी मेंढ्या बायकोवर सोपवून पिंपळाखाली बसू लागला, हातात घोंगडीचं टोक धरून. दगडाच्या भेगेत काही राहिलं असेल, एखादी माशी आली तर हाकलायची म्हणून. दोन वर्षं बसला. हाकलायला एकही आली नाही.

एकदा त्याने मला विचारलं, "सोनाजी, खरं सांग. एकाचा रोग दुसऱ्याला लागत आसंल का?"

"न्हाई लागत," मी ठणकावून सांगितलं.

त्याने माझ्या वेलांकडे पाहिलं. "मग तुह्या वेलाला फळ काहून न्हाई?"

सेहेचाळीस साली तो गेला. मध वाहून टाक असं त्याला कुणी सांगितलं होतं, ते त्याने मरेपर्यंत एकदाही तोंडातून काढलं नाही, ना गावापुढे, ना माझ्यापुढे.