मामा गोड बोलले तेव्हा

माझ्या बायकोच्या मामांइतका भांडखोर माणूस सबंध विदर्भात झाला नसेल. लकडगंजात त्यांचा सागवानाचा धंदा होता, आणि त्यांनी सांगितलेला भाव गिऱ्हाइकाने लगेच मान्य केला तरी ‘घासाघीस काहून नाही केली?’ म्हणून ते त्याच्याशी वाद घालत. हुडकेश्वरला घरी गेले की भाजीच्या फोडणीपासून पंख्याच्या वेगापर्यंत सगळ्यावर मामींशी भांडण. मामीही एक शब्द खाली पडू देत नसत.

मामांच्या पोटात पाणी झालं तेव्हा मी त्यांना धंतोलीतल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी ‘दारू घेता का?’ विचारलं, तसे मामा ताडकन उठून बाहेर आले. “आयुष्यात सुपारी नाही खाल्ली मी, अन हा मले बेवडा म्हणून राहिला.” समजूत काढून परत आत बसवलं. डायबेटिस आणि चरबीनेही लिव्हर कडक होतं, डॉक्टर म्हणाले. मग रक्ताला त्यातून वाट मिळत नाही. ते अन्ननलिकेच्या शिरांत घुसतं, शिरा फुगतात, कधी फुटतात. एवढं मात्र मामांनी निमूट ऐकलं. बाहेर आल्यावर म्हणाले, “मेन रोड बंद, म्हणून ट्रक गल्लीत शिरून राहिले. गल्ली किती टिकन, जावईबापू?”

दुर्बिणीतून शिरांना रबराची वळी बांधली, पोटातलं पाणी काढलं, मीठ बंद झालं. पोट साफ ठेवायचं औषध मात्र कुणाच्या तरी लग्नाला जायचं म्हणून मामांनी गुपचूप सोडलं. मग मामींचा घाबरा फोन आला. “यायले काहीतरी झालं. मले ‘बाई, तुम्ही दमल्या असान, बसा’ म्हणून राहिले.” मी पोचलो तर मामा सोफ्यावर बसलेले, हात थरथरत होते, आणि ते मलाही अदबीने नाव विचारत होते. औषध सोडल्याने पोटात साठलेलं विष डोक्यात चढलं होतं. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य, “चहा थंडा काहून आणला?” मामी रडत रडत त्यांच्याशी भांडल्या.

पुढचे काही महिने बरे गेले. मग एका सकाळी दात घासताना मामांना रक्ताची उलटी झाली. गाडीत त्यांचं डोकं मामींच्या मांडीवर होतं. “काच लाव, वारा लागून राहिला,” ते म्हणाले. मामींनी वाद न घालता काच लावली. मामा त्यांच्याकडे बघतच राहिले. त्यांना कळलं असावं.

रक्त थांबलं नाही. दुपारी डॉक्टरांनी बाहेर येऊन मामा गेल्याचं सांगितलं. मामी बाकावरून उठेनात. म्हणाल्या, “आता घरी जाऊन कोणाशी बोलू मी?”