सहा क्रेडिटांची राणी

बर्निस पाचेकचा आवाज बोटीच्या भोंग्यासारखा होता. अमेरिकेतल्या एरी गावच्या शाळेतल्या जेवणघरात ती तेवीस वर्षं जेवण वाढत होती. डोक्यावर जाळी, हातात डाव, समोर चारशे पोरांची रांग. "मटार की मका?" एवढाच तिचा संवाद, पण ती तो असा फेकायची की शेवटच्या टेबलावर पेंगणारं पोर दचकून ताट घेऊन उभं राहायचं. असा आवाज कमवायला नाटकातली माणसं पहाटे उठून घसे फोडतात. बर्निसला तो देवाने फुकट दिला होता.

अट एकच. मध्ये काउंटर हवा.

काउंटर नसला की बाई मुकी. धाकट्या भावाच्या लग्नात ती चार शब्द बोलायला उभी राहिली. हातात ग्लास, समोर दीडशे माणसं, मध्ये नुसती हवा. तिने तोंड उघडलं, मिटलं, आणि सरळ केकच्या टेबलामागे जाऊन उभी राहिली. तिथून मात्र आवाज खणखणीत आला, "कडेचा तुकडा कोणाला हवाय?" भाऊ अजून दर नाताळला ही गोष्ट सांगतो आणि बर्निस दर नाताळला त्याला कमी बटाटे वाढते.

त्या वर्षी शाळेची मुख्य स्वयंपाकीण निवृत्त होणार होती. ती जागा बर्निसचीच, असं भांडी घासणारीपासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळे म्हणत. पण शाळामंडळाचा कागद वेगळं म्हणत होता : मुख्य स्वयंपाकिणीने कॉलेजचं बीजगणित पास केलेलं हवं, तेही पंधरा ऑगस्टच्या आत. बर्निस चार वर्षं संध्याकाळच्या वर्गांना जात होती. बीजगणिताला तिने तेवढी चार वर्षं चुकवलं होतं. आता उरला होता एक उन्हाळा. आणि उन्हाळ्यात शाळा बंद, म्हणजे वाढणाऱ्यांचा पगारही बंद. फी भरणार कशाने?

कॉलेजच्या मदत कचेरीतल्या योलांडा प्रुइटने चष्मा वर केला.

"मिळेल की मदत, बर्निसबाई. पण सरकारी मदतीतला वर्षाचा तुमचा वाटा तुम्ही हिवाळ्यातच संपवलात. उन्हाळ्याचा जादा हवा असेल तर निदान सहा क्रेडिटं घ्यावी लागतील. बीजगणित तीनाचं. अजून एक विषय घ्या."

"एक वाटी मागायला आले तर दोन घ्या म्हणता?"

"दोन घेतलीत तर दोन्ही फुकट. एक घेतलीत तर ती विकत."

"हे कुठल्या शहाण्याने ठरवलं?"

"तो वॉशिंग्टनला बसतो. इथे मी बसते, म्हणून शिव्या मला मिळतात. बरं, विषय तुमच्या पदवीच्या यादीत बसणारा हवा."

पोहणं यादीत बसत नव्हतं. मातीची भांडी बसत नव्हती. पोषणशास्त्राचा वर्ग मार्चमध्येच भरला होता. योलांडा यादीवरून बोट खाली खाली नेत राहिली आणि अगदी तळाशी थांबली.

"अभिनय. पहिली पायरी. सात जागा आहेत."

बर्निस उठून उभी राहिली, पुन्हा बसली. "यादी उलटी धरून बघा ना जरा," ती म्हणाली.

अभिनयाचे मास्तर अँब्रोझ फेन सत्तरीचे, पांढऱ्या केसांचे, गुडघे गेलेले, पण दारातून आत आले की खोली उजळायची. पहिल्याच मंगळवारी त्यांनी बाकं भिंतीला लावली, मध्ये मोकळी फरशी ठेवली आणि एकेकाला उभं करून नाव सांगायला लावलं. वर्गात सगळी विशीतली पोरं. त्यातली निम्मी बर्निसच्या हातचं जेवून मोठी झालेली. तिची पाळी आली. ती फरशीच्या मधोमध गेली आणि स्वतःचं नाव विसरली.

"या मिस बर्निस आहेत," लाल केसांच्या केन्ड्राने कोपऱ्यातून सांगितलं. "मला मटार आवडत नाही ते यांना माहीत होतं. तरी वाढायच्या."

घरी पोचल्या पोचल्या बर्निसने कॉम्प्युटर उघडला आणि अभिनयाचा वर्ग सोडून टाकला. एक बटण, संपलं नाटक. त्या रात्री ती लेकरासारखी झोपली.

गुरुवारी दुपारी जेवताना तिने पुन्हा कॉम्प्युटर उघडला. बीजगणिताची सगळी फी तिच्या नावावर लागली होती. मदतीच्या रकान्यात भोपळा.

"ड्वेन! यांनी माझी मदत काढून घेतली!"

तिचा नवरा ड्वेन ट्रकची इंजिनं दुरुस्त करण्यात चाळीस वर्षं घालवलेला माणूस. त्याने पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "बर्नी, चार बोल्टांवरचं इंजिन. दोन तू काढलेस. आता म्हणतेस, खाली का आलं?"

वर्गात परत नाव घालायची मुदत त्याच दिवशी चारपर्यंत. उन्हाळ्यात कॉलेजला शुक्रवारची सुट्टी, तेव्हा उद्या म्हणून सोय नाही. ड्वेनने पिकअप अशी हाकली की वाटेतल्या आइस्क्रीमच्या गाडीवाल्यानेही बाजू दिली. चाराला सहा मिनिटं असताना बर्निस कचेरीच्या खिडकीशी पोचली. योलांडा पर्स आवरत होती.

"परत घाला," बर्निस म्हणाली. मध्ये काउंटर होता, त्यामुळे हे शब्द वाहनतळापर्यंत ऐकू गेले. "त्या अभिनयात मला परत घाला!"

"एवढी ओढ या विषयाला आजवर कोणी दाखवली नव्हती हो," योलांडा म्हणाली आणि परत खुर्चीवर बसली.

त्यानंतरचे सात आठवडे बर्निस सकाळी बीजगणिताशी झुंजली आणि दुपारी फरशीशी. बीजगणित हळूहळू हाताशी येऊ लागलं. शेवटी ते प्रमाणच, चाळीसांचं सार चारशेंना पुरवायचं. फरशी मात्र ऐकेना. फेन मास्तरांनी तिला एका पदच्युत राणीचं भाषण दिलं होतं. स्वयंपाकघरात, ओट्यामागे, ती ते असं म्हणायची की शेजारचा कुत्रा गप्प बसे. वर्गात दुसऱ्या ओळीला गाडी थांबे.

"मास्तर, एक टेबल मिळेल का?"

"नाही, बाई. राणी टेबलामागे लपत नाही," फेन हळूच म्हणाले. "आवाज तुमच्याकडे आहे. माझ्या उमेदीत मी त्यासाठी एक मूत्रपिंड दिलं असतं. फक्त त्याच्यासोबत तुम्हीही या. आणि शेवटच्या प्रयोगाला दांडी मारू नका. त्या दिवशी गैरहजर म्हणजे वर्ग सोडल्यात जमा."

वर्ग सोडला म्हणजे काय काय जातं, हे बर्निसला आता कोणी सांगायला नको होतं.

प्रयोगाला तीसेक माणसं आली. मागे योलांडाही बसली होती. ड्वेनला 'उन्हाळी नाटक' म्हणजे बागेतलं असंच वाटलं होतं, त्यामुळे तो घडीची खुर्ची आणि बटाट्याच्या सॅलडने भरलेला निळा कूलर, म्हणजे सहलीला नेतात ती बर्फाची पेटी, घेऊन पहिल्या रांगेसमोर ठाण मांडून बसला.

बर्निस दिव्यात आली. "माझा मुकुट नेलात," ती म्हणाली. "माझी माणसं नेलीत..."

आणि थांबली. ज्याने कधी रंगमंचावर पाय ठेवलाय, त्याला ही शांतता ठाऊक असते. तिच्यात माणूस म्हातारा होतो. केन्ड्रा विंगेतून ओठ हलवत होती. बर्निसचे डोळे जाळीतल्या माशासारखे फिरले आणि नवऱ्यावर थांबले.

"ड्वेन," ती म्हणाली, "कूलर दे."

"आत्ता? मध्यंतर झालं का?"

"दे म्हणते ना!"

त्याने कूलर वर सरकवला. तिने तो मधोमध ठेवला आणि त्याच्या मागे उभी राहिली. कूलर जेमतेम गुडघ्याएवढा. त्यामागे एक मांजरही लपलं नसतं. पण बर्निसची पाठ ताठ झाली, हनुवटी वर आली.

"माझी माणसं नेलीत! आता माझ्या दारात रांग का लावलीत?"

रांग! तेवीस वर्षं ज्या शब्दावर तिने राज्य केलं तो शब्द. समोरच्या अंधारात तिला ताटं दिसली असणार. ती कूलरला वळसा घालून पुढे आली, अगदी कडेपर्यंत, आणि राज्य बुडवणाऱ्यांची एकेकाची अशी हजेरी घेतली, जशी मटार टेबलाखाली टाकणाऱ्यांची घ्यायची. ड्वेनने नकळत टोपी काढली. शेवटची ओळ संपली तेव्हा कूलर तिच्या खूप मागे, एकटाच उभा होता.

फेन मास्तर गुडघे विसरून उठले. "कूलरचे गुण कापतो," ते डोळे पुसत म्हणाले. "बाकीचे सगळे घ्या."

बीजगणितात ती काठावर, पण काठाच्या अलीकडे पास झाली. बारा ऑगस्टला कागद शाळामंडळात पोचला.

सप्टेंबरच्या शेवटी ती पुन्हा योलांडाच्या खिडकीशी आली.

"अभिनय, दुसरी पायरी," ती म्हणाली.

योलांडाने यादी पाहिली आणि मान हलवली. "ही तुमच्या पदवीत बसत नाही, बर्निसबाई. यावर एक पैसाही मदत मिळायची नाही."

बर्निसने पर्स उघडून मुख्य स्वयंपाकिणीचा पहिला पगार काउंटरवर ठेवला.

"मदत मागितली कोणी?" ती म्हणाली, आणि खिडकीपासून दोन पावलं मागे, मोकळ्या फरशीवर जाऊन उभी राहिली. "पावती फाडा."