पाच रुपयांचा आहेर

आमच्या वेळी आहेर गुपचूप देण्याची सोय नव्हती. रुपया ताटात पडला की उपाध्ये मांडवभर ऐकू जाईल अशा आवाजात पुकारत, अमक्याकडून इतके. शिरस्ता असा, की त्याने आपल्याकडच्या कार्यात जेवढा घातला तेवढाच आपण घालायचा, फार तर वर थोडं. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. अक्कल नव्हती, एवढंच.

कल्याणला माझा बालमित्र शाळामास्तर होता. एकाच पंतोजींच्या छड्या आम्ही दोघांनी खाल्लेल्या. मी ठाण्याच्या कचेरीत कारकून झालो, तो आठ रुपयांवर मुलांकडून पाढे घोकून घेत राहिला. माझ्या मुलाच्या मुंजीत त्याने एक रुपया घातला होता. त्याच्या थोरलीचं लग्न निघालं तेव्हा मला वाटलं, बिचारा ओढाताणीत असेल, जरा हात सैल सोडावा. मी पाच राणीछाप रुपये ताटात ठेवले.

"ठाण्याच्या स्नेह्यांकडून पाच रुपये!" एवढा आकडा उपाध्यांना त्या दिवशी पहिल्यांदाच मिळाला असावा, कारण ते दोनदा ओरडले. साऱ्या माना वळल्या. मी मिशीतल्या मिशीत हसत मास्तराकडे पाहिलं. त्याचा चेहरा पार उतरला होता.

स्टेशनावर मला पोचवायला आला तेव्हा तो म्हणाला, "तुझ्या मुलीच्या लग्नात मी काय घालू रे?" तो हसत होता म्हणून मीही हसलो. आगगाडी सुटल्यावर तो प्रश्न मला समजला.

दोन वर्षांनी माझ्या मुलीचं लग्न ठरलं. अक्षत घेऊन मी स्वतः त्याच्या घरी गेलो.

"हे बघ, तू नुसता ये. आहेर आणलास तर बोलणार नाही तुझ्याशी."

"आणि पुकारायला लागले की मी खांबाआड लपू का?"

वहिनींनी पाठवलेलं गूळपाणी घेऊन मी परतलो.

तो आला. ताटात त्याने सहा रुपये ठेवले, पाऊण महिन्याचा पगार. उपाध्यांनी तोंड उघडलं तेव्हा धावत जाऊन ते दाबून धरावंसं वाटलं. पण मी वधूपिता, हात जोडून उभा. आहेर परत करावा तर तो भर मांडवातला अपमान. मास्तर पंगतीत ताठ बसून जेवला आणि पान खाऊन निघून गेला.

आता त्याची धाकटी राहिली होती. रुपया घालावा तर त्याची अप्रतिष्ठा, सात घालावे तर पुन्हा त्याच्याच गळ्याला फास. घरात विषय काढला तर आमची मंडळी म्हणाली, "इकडून आता सातच्या खाली जाऊन चालायचं नाही." तिचंही चुकत नव्हतं. वर्षभर मी त्या लग्नाच्या धास्तीत होतो.

लग्न त्याने परस्पर मुलीच्या आजोळी लावून दिलं. मला अक्षत आली नाही, बातमी बाजारात तिसऱ्याच माणसाने दिली. वाईट वाटलं, फार वाटलं. पण त्याआधी क्षणभर, सुटलो बुवा, असं वाटून गेलं. मला न बोलावताना त्यालाही असंच वाटलं असणार, आणि तेच अजून मला सहन होत नाही.